शामानांचा ढोल: ऑडिओ प्रकल्पाच्या नोंदी

९ जून

आजपासून नोंदी सुरू. साधारण अर्ध्या तासाचा ऑडिओ करायचाय. पहिल्या भागात सायबेरिया आणि उत्तर युरोपातल्या शामानांच्या, म्हणजे तंद्रीत जाऊन आत्म्यांशी संपर्क साधणाऱ्यांच्या, ढोलाबद्दल निवेदन, दुसऱ्या भागात फक्त ढोल, डोळे मिटून ऐकण्यासाठी. ढोल स्वतः बनवणार, स्वतः वाजवणार, मित्र रेकॉर्डिंग करणार.

हे डोक्यात आलं ते नेटवरचे ढोलाचे ट्रॅक ऐकून. जवळजवळ प्रत्येकावर लिहिलेलं असतं की अमुक हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला इतक्या वेळा), मेंदू थीटात (गुंगीशी जोडलेल्या संथ लहरींत) जाणार, शामान हजारो वर्षं हेच करत आलेत. हे मला मनापासून खटकतं, कारण ज्या माणसांचा हा ढोल आहे ती त्या लेबलावर कुठेच नसतात, नुसता एक आकडा असतो. त्यामुळे ठरवलंय की आपल्या ऑडिओत जे सांगू ते तपासता आलं पाहिजे, आणि ढोल मशीनमधून न काढता हातानेच वाजवायचा.

१३ जून

कडं तयार आहे, वाकवलेल्या लाकडी पट्टीचं, व्यास ४० सेंटीमीटर. सायबेरियातले बरेच जुने ढोल लंबगोल असतात, एकाच बाजूला कातडं, मागे धरायला आडवी-उभी दांडी आणि त्या दांडीला लोखंडाचे तुकडे, कड्या, घुंगरं लटकवलेली. ही खुळखुळ शोभेसाठी नसते, प्रत्येक हालचालीला ती ढोलाच्या आवाजावर एक बारीक धातूचा थर चढवते. माझा ढोल गोलच ठेवलाय कारण पुढे कंपनं मोजायचीयेत आणि गोलाचं गणित सोपं पडतं. लोखंडी कड्याही लावल्या नाहीत, त्यांचा अर्थ त्या त्या शामानाच्या आत्म्यांशी जोडलेला असतो, नुसती नक्कल म्हणून लटकवणं मला बरोबर वाटत नाही.

बकरीचं कातडं रात्रभर पाण्यात भिजवलं, सकाळी मढवलं. वाद्या मागच्या बाजूने ओढून मधल्या छोट्या कड्यात घेतल्या. ओलं असताना फार ताणायचं नाही, वाळताना ते आपोआप आकसतं आणि जास्त ओढलेलं असेल तर कडं वाकडं होतं.

१६ जून

सावलीत वाळतंय. हवा दमट आहे, वेळ लागेल. हात लावायचा नाही.

२२ जून

पहिली थाप! गुरगुरल्यासारखा खोल आवाज, पण हवेत दमटपणा वाढला की संध्याकाळपर्यंत ढिला पडतो, मग उब देऊन परत ताणावर आणावा लागतो. सायबेरियात विधीच्या आधी ढोल विस्तवावर धरून शेकायची पद्धत आहे, तिचं कारण हातानेच कळलं.

मित्राने माइक लावून आवाजाची चिरफाड केली. सगळ्यात खालचा सूर ८८ हर्ट्झच्या आसपास, पुढचा १४९ च्या जवळ. पुस्तकी आदर्श पडद्यात (म्हणजे ताणलेल्या कातड्यात) या दोन सुरांचं गुणोत्तर १.५९ असतं, आपलं १.६९ येतंय, कारण पडद्याला चिकटून हलणारी हवा खालच्या सुराला आणखी खाली ओढते. वरचे सूर १, २, ३ अशा सरळ पटीत नसतात, म्हणून तंबोऱ्यासारखा एक ठाम सूर ऐकू येत नाही, आवाजात कायम थोडी गर्दी राहते. मला वाटतं लोकांना सलग ढोलात गाणं, माणसांची कुजबुज, लांबून हाका ऐकू येतात त्याचं मूळ या गर्दीत आहे. कानाला त्यातून काहीतरी ओळखीचं शोधायचं असतं.

अजून एक. ढोल तोंडाजवळ धरून वाजवला की वाजवणाऱ्याला जो आवाज येतो तो समोरच्याला येतच नाही. सायबेरियातले शामान ढोलाआड तोंड नेऊन त्यात गातात, ढोल फिरवतात, त्यामुळे आवाज कधी इकडून कधी तिकडून आल्यासारखा वाटतो. आम्ही अंधार करून करून पाहिलं, मित्र म्हणाला, ‘अगं, तू नक्की कुठे उभी आहेस?’ खोलीत तर आम्ही दोघंच होतो.

३० जून

टेम्पोचा, म्हणजे ठोक्यांच्या गतीचा दिवस. नेटवरच्या बहुतेक ट्रॅकचा मूळ संदर्भ मायकेल हार्नर हा अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ. त्याने १९५० आणि ६० च्या दशकांत अॅमेझॉनच्या भागात शुआर आणि कोनिबो लोकांमध्ये काम केलं, आणि पुढे शहरातल्या माणसांना शिकवता येईल अशी एक पद्धत बांधली. त्यात ढोल एकसारखा, मिनिटाला साधारण २०५ ते २२० ठोके.

आता साधा भागाकार करा. २१० ला ६० ने भागलं की सेकंदाला ३.५ ठोके. थीटा पट्टा धरतात तो ४ ते ८ हर्ट्झ. म्हणजे ज्या टेम्पोवर सगळे ट्रॅक बनतात तो थीटात बसतच नाही, खालीच राहतो! थीटाच गाठायचा तर निदान २४० ठोके हवेत. यावर कोणी म्हणेल की मेंदूत ३.५ च्या दुपटीला, म्हणजे ७ हर्ट्झलाही प्रतिसाद दिसू शकतो, आणि ते खरंय, एका लयीच्या आवाजाला मेंदूचा प्रतिसाद पटींमध्येही उमटतो. पण मग लेबलवर तसं लिहा ना.

वाजवताना दुसरी गोष्ट जाणवली. माणसाला सहज वाटणारी लय सेकंदाला दोन ठोक्यांच्या आसपास असते. ३.५ त्याहून बरीच घाईची, म्हणून कान आपणहून ठोक्यांचे गट पाडतो, दोन-दोन, चार-चार. सगळे ठोके अगदी सारखे असले तरी पाडतो, हा प्रकार मानसशास्त्रात १८९४ पासून नोंदलेला आहे. काही वेळाने गट बदलतो आणि वाटतं वाजवणाऱ्यानेच लय बदलली. मी काहीच बदललेलं नसतं.

५ जुलै

थीटाची गोष्ट आली कुठून ते वाचत बसले. अँड्र्यू नेहर, १९६१ आणि १९६२. त्याने डोक्याला इलेक्ट्रोड लावून साध्या माणसांना सेकंदाला ३, ४, ६, ८ अशा गतीने ढोल ऐकवला आणि मेंदूच्या लहरी ठोक्याच्या गतीने चालतात असं मांडलं, आणि मग जगभरच्या विधींमधलं ढोलावर घुमणं, झटके येणं यावरून समजावता येईल असं म्हटलं. कल्पना देखणी आहे आणि म्हणूनच टिकली. पण ते प्रयोगशाळेतले लोक काही समाधीत गेलेले नव्हते, शिवाय डोळ्यांच्या आणि मानेच्या हालचालींमुळे इलेक्ट्रोडवर जी भेसळ होते ती नीट वेगळी केली नव्हती अशी टीका पुढे झाली.

सगळ्यात जोरदार उत्तर गिल्बेर रुजे या फ्रेंच संगीत-मानववंशशास्त्रज्ञाने १९८० मध्ये दिलं. त्याचा मुद्दा साधा होता, ढोलाने आपोआप तसं होत असतं तर अर्धी आफ्रिका वर्षाच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तंद्रीतच राहिली असती. त्याने अजून एक भेद दाखवला जो मला फार मोलाचा वाटतो. जिथे अंगात येतं तिथे बहुतेकदा वाजवणारे वेगळे आणि अंगात येणारा वेगळा, संगीत त्याच्यावर केलं जातं. शामान मात्र स्वतः वाजवतो, स्वतः गातो, आणि आत्म्यांकडे जातो. त्याच्याकडे कोणी येत नाही, तो निघतो.

म्हणजे हेडफोन लावून आडवा पडलेला श्रोता यातला कोणीच नाही. निवेदनात हे सांगायचंच, पहिल्या पाच मिनिटांत.

१४ जुलै

आज फक्त अल्ताई वाचलं आणि उशिरापर्यंत झोप आली नाही.

दक्षिण सायबेरियातल्या अल्ताई लोकांत नवा ढोल तयार झाला म्हणजे लगेच वाजवायला घेतला असं नसतं, त्याला आधी जिवंत करावं लागतं. कड्यावर मद्य शिंपडतात आणि शामानाच्या तोंडून कडं बोलायला लागतं, मी कुठल्या जंगलात वाढलो, मला कसं तोडलं. मग कातडं बोलतं. ज्या जनावराचं ते कातडं ते आपला जन्म सांगतं, आईबाप, लहानपण, कुठे चरलं, आणि शेवटी शिकाऱ्याने कसं मारलं. एवढं झाल्यावर ते जनावर शामानाचं वाहन होतं. ढोल म्हणजे घोडा किंवा हरीण, टिपरू म्हणजे चाबूक, आणि ठोके म्हणजे त्या जनावराची चाल.

हे वाचल्यावर टेम्पोचा प्रश्नच वेगळा दिसायला लागला. जनावर काही एकाच गतीने तासभर धावत नाही. ते चढावर दमतं, नदीपाशी थबकतं, मोकळ्यावर सुटतं. सायबेरियातल्या विधींच्या वर्णनांत आणि रेकॉर्डिंगमध्येही हेच आहे, ढोल हळू सुरू होतो, वाढतो, मध्येच तुटतो, शामान पक्ष्यांचे जनावरांचे आवाज काढतो, गातो, एवेंकी आणि न्गानासान लोकांत मदतनीस किंवा जमलेले लोक त्याची ओळ परत म्हणतात, मग पुन्हा ढोल. तिथे एकसुरी ठोका हा नियम नाही. २१० चा सपाट ठोका हा विसाव्या शतकात शहरातल्या लोकांसाठी केलेला एक मार्ग आहे, चांगला असेल, चालतही असेल, पण त्याला ‘प्राचीन सायबेरियन’ म्हणायला मी तयार नाही.

आणि सगळीकडे ढोल असतोच असंही नाही. दक्षिण अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी खुळखुळा आणि गाणी यांच्यावरच काम चालतं. ग्रीनलंडच्या इनुइटांचा ढोल कातड्यावर न वाजवता कड्याच्या काठावर वाजवतात, म्हणजे खोल घुमण्यापेक्षा टकटक जास्त. नेपाळच्या झाँक्रीचा, म्हणजे तिथल्या शामानाचा, ढ्यांग्रो हा ढोल दोन तोंडांचा, खाली कोरीव लाकडी मूठ, आणि वाजवता वाजवता झाँक्रीचं सगळं अंग थरथरायला लागतं.

२१ जुलै

सामी लोकांचा भाग लिहून काढला. हा निवेदनाचा कणा असणार आहे.

नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचा उत्तर भाग, तिथले सामी. त्यांच्या ढोलाच्या कातड्यावर लाल रंगात चित्रं काढलेली असतात, सूर्य, रेनडियर, होडी, तंबू, देव, मेलेल्यांची जागा. कातड्यावर एक छोटी कडी किंवा तसला दर्शक ठेवायचा, शिंगाच्या हातोडीने वाजवायचं, कडी नाचत नाचत कुठल्या चित्रापाशी थांबते त्यावरून शिकार, आजार, प्रवास याबद्दल विचारायचं. तोच ढोल शामान, म्हणजे तिथला नोआइदी, तंद्रीत जाण्यासाठीही वापरायचा.

सतराव्या आणि अठराव्या शतकात मिशनऱ्यांनी आणि सरकारने हे ढोल जप्त केले, जाळले. १६९२ मध्ये नॉर्वेतल्या वाद्सो इथे अँडर्स पाउलसेन नावाच्या म्हाताऱ्या सामी माणसावर जादूटोण्याचा खटला चालला. कोर्टात त्याला एकेक चित्र काय आहे ते सांगायला लावलं आणि त्याने सांगितलं, म्हणून आज त्या ढोलाचा अर्थ जेवढा कळतो तेवढा फार थोड्या ढोलांचा कळतो. निकाल लागण्याआधीच कोठडीत असताना एकाने त्याला कुऱ्हाडीने मारलं. पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये लार्स निल्सन या सामी माणसाला मृत्युदंड दिला, आणि त्याच्यासोबत त्याचा ढोलही जाळला.

अँडर्सचा ढोल कोपनहेगनला राजाच्या संग्रहात गेला. १९७९ पासून तो नॉर्वेतल्या काराशोकच्या सामी संग्रहालयात होता, पण उसना म्हणून. सामी लोकांनी मागणी लावून धरली आणि २०२२ मध्ये मालकी त्यांच्याकडे आली. ३३० वर्षं! कोपनहेगनमध्ये गेलेल्या इतर ढोलांचं तर काय झालं, मिशनरी थॉमस फॉन वेस्टेनने गोळा केलेल्या शंभराच्या आसपासच्या ढोलांपैकी बरेचसे १७२८ च्या मोठ्या आगीत गेले. आज जगात जुने सामी ढोल सत्तरएक उरलेत.

सायबेरियाचीही तीच गत, फक्त शतक वेगळं. सोव्हिएत राजवटीत १९२० आणि ३० च्या दशकांत शामानांना शोषक वर्गात टाकलं, मतदानाचा हक्क काढला, ढोल जप्त केले, कित्येक संग्रहालयांत गेले. दक्षिण सायबेरियातल्या तुवामध्ये १९९० नंतर मोंगुश केनिन-लोप्सान या अभ्यासकाने किझिलमध्ये शामानांची संस्था उभी केली तेव्हा तिला नाव दिलं ‘दुंगुर’, म्हणजे ढोलच.

ज्या वस्तूसाठी माणसं मेली तिच्या आवाजावर ‘स्ट्रेस रिलीफ’ लिहून विकायचं याचा मला राग येतो आणि तो निवेदनात दिसला तरी चालेल.

२ ऑगस्ट

ऐकण्याचे प्रयोग कसे करायचे ते ठरवतोय. इथे एक अभ्यास खूप उपयोगी पडला. व्हिएन्नाच्या संशोधकांचा, २०१४ चा, ३९ लोक. काहींना १५ मिनिटं ढोल, काहींना ध्यानाचं वाद्यसंगीत. त्यातही काहींना सांगितलं नुसतं आराम करा, काहींना हार्नरच्या पद्धतीच्या सूचना, जमिनीत एक बीळ किंवा भुयार बघा, त्यातून खाली उतरा. कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, सगळ्याच गटांत कमी झालं, ढोलाने काही जास्त कमी झालं नाही. पण ढोल एकच असताना प्रवासाच्या सूचना मिळालेल्यांना अंग जड होणं, हृदय संथ झाल्यासारखं वाटणं, स्वप्नासारखं दिसणं हे आरामवाल्यांपेक्षा जास्त जाणवलं.

माझ्या मते सगळं यात आलं. ठोका तोच, कुठे जायचं ते सांगितलं की माणूस जातो. अल्ताई शामानाला कुठे जायचं ते लहानपणापासून ठाऊक असतं, वाट, नद्या, कोण भेटणार, कोणासाठी चाललोय, त्याचा समाज समोर बसलेला असतो. हेडफोनवाल्याकडे यातलं काहीच नसतं, म्हणून आकड्याची जाहिरात करावी लागते.

मेंदूबद्दलही दोन गोष्टी निवेदनात घेतेय. २०१६ चा एक एफएमआरआय (मेंदूतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या स्कॅनचा) अभ्यास, १५ अनुभवी शामानी साधक, मशीनमध्ये आठ मिनिटांचे ढोल. समाधीत गेल्यावर आतल्या विचारांशी जोडलेले मेंदूचे भाग जास्त जोडलेले दिसले, आणि ऐकण्याच्या वाटेचा बाकी मेंदूशी संबंध सैल झाला. म्हणजे एकसारखा ठोका इतका अपेक्षित होतो की मेंदू तो ऐकणंच सोडतो, आणि लक्ष आत वळायला जागा मिळते. घरातलं घड्याळ आपण ऐकत नाही तसं. दुसरा २०२१ चा ईईजी (डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी मोजण्याचा) अभ्यास, २४ साधक आणि २४ इतर. साधकांत ढोलाच्या वेळी गॅमा लहरी वाढलेल्या. गॅमा, म्हणजे थीटाच्या कितीतरी वरच्या!

११ ऑगस्ट

ओळखीच्या काही जणांना बोलावून ऐकवलं. ज्यांना फिट्स येतात किंवा ज्यांचे मनोविकारावर उपचार चालू आहेत त्यांना आधीच नम्रपणे नाही म्हटलं, हा नियम शेवटच्या ऑडिओतही राहणार. खोलीत अंधार, सगळे आडवे, मी वाजवतेय. एका फेरीत नुसतं ‘ऐका’, दुसऱ्या फेरीत भुयाराच्या सूचना.

पहिल्या फेरीत झोप, कंटाळा, आणि बऱ्याच जणांना गाणं ऐकू आलं. दुसऱ्या फेरीत चित्रं आली. एका मैत्रिणीला ओल्या मातीचा वास आला म्हणे, एकाला काहीच दिसलं नाही पण हात पाय कुठे आहेत तेच कळेना. हा काही अभ्यास नाही, लोक ओळखीचे आहेत आणि मला आवडावं म्हणून बोलूही शकतात, म्हणून यावरून ऑडिओत एक अक्षरही दावा करणार नाही.

मला स्वतःला जे झालं ते लिहून ठेवते. पंधराएक मिनिटांनी मनगट दुखायला लागलं, मग दुखणं गेलं, मग हात माझा वाटेनासा झाला, ठोका आपणहून पडत होता आणि मी त्याच्या मागे बसले होते. ऐकणाऱ्यांतल्या कोणीही असलं काही सांगितलं नाही. वाजवणं हे शरीराचं काम आहे, श्वास, घाम, खांदा, कानाशी घुमणारं कातडं, आणि ते आडव्या माणसाला ट्रॅकमधून पाठवता येत नाही.

१९ ऑगस्ट

मित्राने माझ्या वाजवण्यातलेच चांगले ठोके निवडून एक काटेकोर लूप (परत परत वाजणारा तुकडा) केला, बरोबर २१०, एकही मिलिसेकंद इकडे तिकडे नाही. आणि शेजारी माझं सलग हाताने वाजवलेलं, जे २०३ ते २१६ मध्ये हळूहळू फिरत राहतं. लूप ऐकताना काही मिनिटांत जबडा आवळतो, कारण प्रत्येक ठोक्याचा पोत तोच तोच येतो. हाताच्या वाजवण्यात कातड्यावरची जागा सरकते, वरचे सूर सरकतात, ठोका अपेक्षितही राहतो आणि जिवंतही. हाताचंच घ्यायचं, यावर दोघांचं एकमत.

२५ ऑगस्ट

परत यायची खूण. हार्नरच्या पद्धतीत शेवटी सात जोराचे ठोके, असं चार वेळा, मग अर्धा मिनिट भरभर, मग पुन्हा सात सात. ती तशीच ठेवली आणि ती त्याची आहे हे निवेदनात सांगितलं. कोणाला घाबरल्यासारखं झालं तर डोळे उघडा, उठून बसा, पाणी प्या, हेही आधीच सांगायचं, शेवटी सांगून उपयोग नाही.

१ सप्टेंबर

निवेदनाची लांबी यावर वाद. मित्राचं म्हणणं की सामी भाग छोटा कर, लोक ढोल ऐकायला येणार. मी म्हटलं, छोटा करणार नाही, ज्याला फक्त ढोल हवाय तो पुढे सरकवेल. बराच वेळ बोलल्यावर त्याने अँडर्स पाउलसेनचा भाग पुन्हा ऐकला आणि म्हणाला, ‘राहू दे, पण अल्ताईच्या आधी टाक.’ ते मला पटलं. आधी काय काय हिरावलं गेलं ते, मग ते काय होतं ते.

लेबलवर हर्ट्झ नाही, थीटा नाही, प्राचीन नाही. ‘हाताने वाजवलेला एकतोंडी ढोल, मिनिटाला साधारण २१० ठोके, विसाव्या शतकातल्या हार्नरच्या पद्धतीवरून.’

८ सप्टेंबर

मिक्स जवळजवळ झालं. निवेदन आणि ढोल यांच्या आवाजाची पातळी जुळवली, निवेदनाच्या पातळीवर व्हॉल्यूम ठेवलेल्याच्या कानात पहिला ठोका दणकन बसायला नको. ८८ हर्ट्झचा खालचा सूर फोनच्या स्पीकरवर जवळजवळ गायब होतो, म्हणून हेडफोन वापरा आणि आवाज मध्यम ठेवा असं सुरुवातीलाच बोलून टाकलंय. राहिलंय ते एवढंच: वाद्सो आणि काराशोकचे उच्चार तिथल्या बोलणाऱ्याकडून तपासून घ्यायचे, आणि फिट्सबद्दलची सूचना निवेदनातून ढोलाच्या स्वतंत्र फाइलच्या सुरुवातीलाही टाकायची, कारण बरेच जण थेट तीच फाइल उघडणार.